तार गावात आली. वस्तीत केव्हा येणार?

(एका तालुक्यातील बौद्ध कुटुंबांच्या सभेत एका वकील बंधूंनी केलेले भाषण वाचकांच्या माहितीसाठी येथे देत आहोत. — संपादक)



आपल्या सभांतून शाळा, वसतिगृहे, जमीन, पाणी, दाखले आणि नोकऱ्या यांविषयी आजवर पुष्कळ बोलले गेले आहे. आजचा माझा विषय त्या पंक्तीत बसणारा नाही, असे काही मंडळींना वाटण्याचा संभव आहे. खेड्यापाड्यांत वेगवान इंटरनेट पोहोचविण्याच्या प्रश्नावर मी बोलणार आहे. ज्या घरी अद्याप नळ नाही, त्या घराने इंटरनेटची काळजी काय म्हणून वाहावी, असे कोणी विचारील. हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाण्याचा मला अधिकार नाही. म्हणून प्रथम ही चैन आहे की गरज आहे, ते पाहू. मग सरकारने काय कबूल केले आणि काय केले ते पाहू. त्यानंतर कायदा काय म्हणतो, आणि शेवटी आपण काय करावयाचे, असा क्रम ठेवितो.

दार हलविले, वाट केली नाही

पूर्वी दाखला काढावयाचा म्हणजे चावडीवर जावे लागे. तलाठी जागेवर नसे, हेलपाटे पडत, अपमानही सोसावा लागे. पण कचेरी डोळ्यांना दिसत असे आणि तिचे दार कोठे आहे हे अडाणी माणसालाही ठाऊक असे. आज ते दार तेथून उचलून तारेच्या पलीकडे नेऊन बसविले आहे. महाराष्ट्रातील शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर भरावा लागतो. जातीच्या व उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज ‘आपले सरकार’वर जातो. भरतीच्या जाहिराती तेथेच येतात, अर्ज तेथेच भरतात आणि परीक्षेचे प्रवेशपत्रही तेथूनच काढावे लागते. रेशनच्या दुकानात ई-पॉस यंत्रावर अंगठा उमटविल्यावाचून धान्य मिळण्याची पंचाईत होते. रोजगार हमीच्या कामावर मजुरांची हजेरी मोबाईलमधून, छायाचित्रासह घेण्याची सक्ती १ जानेवारी २०२३ पासून झाली. म्हणजे ज्या माळावर माती खणावयाची तेथे रेंज नसेल, तर खणलेल्या मातीची मजुरी धोक्यात आली.

या प्रत्येक गोष्टीत सरकारचा हेतू वाईट होता, असे मी म्हणत नाही. मधले हात कमी व्हावेत, पैसा थेट खात्यात जावा, कारभार स्वच्छ व्हावा, हा हेतू चांगलाच आहे. परंतु ज्याने दार हलविले त्याने नव्या दारापर्यंतची वाट बांधून देणे हे त्याचे कर्तव्य ठरते. वाट न बांधता दार हलविणे याचा अर्थ व्यवहारात एकच होतो: ज्याच्याजवळ स्वतःचे वाहन आहे तो पोहोचतो आणि ज्याच्याजवळ नाही तो बाहेर राहतो. इंटरनेटच्या बाबतीत आज नेमके हेच घडत आहे.

परिणाम काय होतो पाहा. वस्तीत नीट जोडणी नाही, म्हणून मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी बाप तिला घेऊन तालुक्याला जातो. बापाचा रोज बुडतो, दोघांचे एसटीचे भाडे लागते, केंद्रचालकाचे पैसे वेगळे. तेथे गर्दी असते. दुपारी सर्व्हर बंद पडतो आणि उद्या या असे सांगण्यात येते. उद्या पुन्हा रोज बुडतो. शेवटची तारीख टळली, तर त्या मुलीचे वर्ष पैशावाचून जाते, आणि घरात पुढे काय बोलणे होते हे मी आपणांस सांगावयास नको. जो मुलगा घरी बसून रात्री दहा वाजता तोच अर्ज भरू शकतो, त्याच्याशी या मुलीची स्पर्धा आहे. गुणवत्ता तीच, कायदा तोच, सवलत तीच; अंतर आहे ते केवळ एका तारेचे.

आपल्या समाजाला यात आणखी एक धोका आहे, आणि तो वकील या नात्याने मी मुद्दाम सांगतो. आपला अर्ज दुसरा भरतो तेव्हा आपली ओळखही दुसराच लिहितो. १९९० साली संसदेने कायद्यात दुरुस्ती करून अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांस अनुसूचित जातीचा दर्जा दिला. तेव्हा बौद्ध म्हणून लिहिले तर सवलत जाईल, ही भीती निराधार आहे. परंतु घाईत असलेला केंद्रचालक धर्माच्या रकान्यात जे सोयीचे वाटेल ते टाकतो आणि अर्जदाराने पडद्याकडे पाहिलेलेही नसते. मग शाळेच्या दाखल्यात एक, जातीच्या दाखल्यात दुसरे आणि भरतीच्या अर्जात तिसरे, अशी विसंगती उभी राहते. पडताळणीच्या वेळी ती निस्तरण्यास किती कागद आणि किती महिने लागतात, हे ज्यांनी भोगले त्यांना विचारा. ज्या माणसाने विचारपूर्वक धम्म स्वीकारला, त्याच्या धर्माचा रकाना परक्या हाताने भरला जावा, ही गोष्ट शोभणारी नाही.

मोबाईल आहे, मग आणखी काय हवे?

यावर असे सांगण्यात येते की आता घरोघर मोबाईल आहे. इंटरनेट खेड्यात केव्हाच पोहोचले. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे शहरांत शेकडा ४२ आणि खेड्यांत शेकडा १४.९ आढळली होती. २०२५ च्या पाहणीत ग्रामीण भागातील हाच आकडा शेकडा ऐंशीच्या वर गेला. ही प्रगती मोठी आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच पाहणीत ज्यांच्या घरी फायबरची तार आली आहे अशी ग्रामीण कुटुंबे शंभरांत पाचही नव्हती. म्हणजे खेड्यातील इंटरनेट हे जवळजवळ सर्वस्वी मोबाईलचे इंटरनेट आहे.

या दोहोंत फरक काय? मोबाईलचा टॉवर ही एक सार्वजनिक टाकी समजा. तिच्यातले पाणी त्या क्षणी जितके लोक घेतील तितक्यांत वाटले जाते. संध्याकाळी सारा गाव मोबाईल उघडतो तेव्हा धार करंगळीएवढी होते. टेकडीच्या आड किंवा ओढ्याच्या पलीकडे जे घर आहे, तेथे तर ती धारही पोहोचत नाही. फायबर हा थेट घरात येणारा नळ आहे. केसासारख्या बारीक काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या स्पंदनांनी संदेश जातो. त्याला टेकडी आड येत नाही, पाऊस आड येत नाही आणि त्याची वाहण्याची शक्ती प्रचंड असते. ज्या टॉवरचा आपण भरवसा धरितो, त्या टॉवरपर्यंत फायबर आले नसेल तर तो टॉवरही लंगडाच राहतो.

शिवाय घरात मोबाईल असणे आणि तो मुलीच्या हाती असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे ज्यांनी आयुष्यात एकदा तरी इंटरनेट वापरले असे ग्रामीण पुरुष शेकडा ४८.७ होते आणि ग्रामीण स्त्रिया शेकडा २४.६. पुरुषांच्या निम्म्या! घरातला एकुलता मोबाईल बापाच्या खिशात किंवा भावाच्या हातात जातो, आणि अभ्यास मुलीचा बुडतो. हा दोष सरकारचा नाही; तो आपला आहे, आणि तो आपणच काढावयाचा आहे.

‘वेगवान’ या शब्दाचा अर्थही सरकारदरबारी बदलत आला आहे. २००४ च्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट वेग असला की त्यास ब्रॉडबँड म्हणत. २०१३ मध्ये ती मर्यादा ५१२ किलोबिट झाली. जानेवारी २०२३ मध्ये ती २ मेगाबिट करण्यात आली. घरात एक मूल वर्ग पाहत असेल, दुसरे अर्ज भरीत असेल, तर २ मेगाबिटमध्ये दोघांचेही भागत नाही. व्याख्येत बसणारी जोडणी आणि कामास येणारी जोडणी यांत फरक आहे. आकडे वाचताना हा फरक ध्यानात ठेवा.

सरकारने काय कबूल केले?

आता कबुलीचा इतिहास पाहू. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील सुमारे अडीच लक्ष ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना मंजूर केली. तिचे नाव राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळे. पुढे २०१५ मध्ये तिचे नाव भारतनेट झाले. प्रत्येक ग्रामपंचायतीस सेकंदाला १०० मेगाबिट क्षमतेची जोडणी मिळावी, असा संकल्प होता. काम मंद गतीने चालले. पहिल्या टप्प्यातील सुमारे एक लक्ष ग्रामपंचायतींचे काम पुरे होण्यास डिसेंबर २०१७ उजाडला. दुसऱ्या टप्प्यात काही राज्यांनी काम आपल्या हाती घेतले. महाराष्ट्रात ते महानेट या नावाने चालले. २०२१ मध्ये सोळा राज्यांत खाजगी कंपन्यांच्या भागीदारीने काम करण्याचा निर्णय झाला, पण तो मार्ग फलद्रूप झाला नाही. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर करण्यात आला.

मधल्या काळात घोडे कोठे अडले, हे समजून घेणे अवश्य आहे. कारण जो दोष समजत नाही त्याविषयी तक्रारही नीट करिता येत नाही. पहिली तार एका ओळीत टाकली होती. तालुक्याहून निघालेली तार एका गावातून दुसऱ्या गावात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जात असे. रस्ता रुंद करणाऱ्या यंत्राने वाटेत एके ठिकाणी ती तोडली की पुढची सारी गावे आंधळी होत. तुटली कोणी आणि जोडावयाची कोणी, यावर खात्याखात्यांत पत्रव्यवहार चाले. सुधारित कार्यक्रमात तार कड्यासारखी टाकावयाची आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने प्रवाह चालू राहील. दहा वर्षांच्या देखभालीची तरतूदही त्यात आहे. दुसरा दोष विजेचा. गावात वीज गेली की पेटी बंद. तिसरा दोष कुलपाचा. पेटी बसविली ग्रामपंचायतीच्या कचेरीत. कचेरी उघडते आठवड्यातून काही दिवस, काही तास. कागदावर गाव जोडलेले असते आणि प्रत्यक्षात पेटीवर धूळ असते.

मेळघाटातील हरिसाल हे गाव २०१६ मध्ये ‘डिजिटल गाव’ म्हणून देशभर गाजविण्यात आले. २०१९ च्या निवडणुकीच्या प्रचारात त्याच गावात त्यातले काय चालू आहे आणि काय बंद पडले, यावरून जाहीर वाद झाला. त्या वादात कोण खरे, यात मला शिरावयाचे नाही. मला त्यातून एवढाच बोध घ्यावयाचा आहे की उद्घाटन एका दिवसाचे असते आणि देखभाल रोजची असते.

हा पैसा कोणाचा?

या खर्चाविषयी बोलताना काही लोक उपकाराची भाषा वापरतात. म्हणून हा पैसा येतो कोठून, हे सांगतो. दूरसंचार कंपन्यांना आपल्या समायोजित उत्पन्नाच्या शेकडा पाच इतका भाग एका निधीत भरावा लागतो. हा निधी २००२ मध्ये सुरू झाला, २००३ च्या दुरुस्तीने त्यास कायद्याचा आधार मिळाला, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव डिजिटल भारत निधी असे झाले. जेथे कंपनीस नफा नाही तेथे सेवा पोहोचविणे, हे या निधीचे काम आहे. कंपन्या हा पैसा घरून आणीत नाहीत. मोलकरीण आपल्या मोबाईलमध्ये रिचार्ज मारते, ऊसतोड मजूर मारतो, कॉलेजचा विद्यार्थी मारतो. त्या उत्पन्नातूनच हा वाटा निघतो. तेव्हा वस्तीपर्यंत तार मागणारा माणूस भीक मागत नाही. ज्या निधीत त्याचा स्वतःचा पैसा आहे, त्या निधीचा हिशेब तो मागत आहे.

गाव जोडले म्हणजे वस्ती जोडली काय?

आता मी आजच्या भाषणाच्या मर्मावर येतो. सरकारी नोंदीत ‘गाव जोडले’ याचा अर्थ ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत तार आली, एवढाच आहे. ग्रामपंचायत कोठे असते? गावठाणात. आपली वस्ती कोठे असते? ते मी सांगावयास नको. तीच गोष्ट आदिवासी पाड्यांची आणि धनगरवाड्यांची. सुधारित कार्यक्रमात ग्रामपंचायत नसलेल्या सुमारे ३.८ लक्ष गावांना मागणीनुसार जोडणी देण्याची आणि पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरांना फायबर देण्याची तरतूद आहे. त्यातील ‘मागणीनुसार’ हा शब्द ध्यानात घ्या. जो मागेल त्याला मिळेल. आणि मागण्याची सवय कोणाला असते? ज्याचे ग्रामपंचायतीत वजन आहे त्याला.

वस्तीत तार येत नाही याचे कारण दर वेळी जातीचा द्वेष असते, असे मी म्हणणार नाही. पुष्कळदा ते खर्चाचे गणित असते, आणि त्याहून अधिक वेळा ते विस्मरण असते. परंतु ज्याचे पाणी, रस्ता, दिवा आणि आता तार अशा चारही गोष्टींत विस्मरण होते, त्याला हे विस्मरण योगायोगाचे आहे असे सांगून समाधान होणार नाही.

आपल्या चळवळीला हा प्रश्न नवा नाही. १९२३ साली मुंबई कायदे मंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा बोले यांचा ठराव मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले असल्याचे ठरविले. कागद तयार होता. पाणी मात्र मिळत नव्हते. म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसांसह चवदार तळ्यावर जावे लागले, आणि त्या तळ्याच्या दाव्याचा मुंबई उच्च न्यायालयातील अखेरचा निकाल लागण्यास १९३७ चा मार्च उजाडला. ठराव आणि ओंजळ यांत किती अंतर असते, हे आपल्याइतके कोणास ठाऊक असणार?

त्याच अनुभवातून संविधानाचे पंधरावे कलम आले. त्याच्या दुसऱ्या पोटकलमाप्रमाणे सरकारी पैशातून संपूर्णतः वा अंशतः चालविलेल्या विहिरी, तळी, रस्ते आणि सार्वजनिक वावराच्या जागा वापरण्यास जातीच्या कारणावरून कोणासही मज्जाव करिता येत नाही. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा बाबासाहेबांनी ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ संकुचित धरावयाचा नाही, ठरलेल्या अटींवर सेवा देणारे जे जे कोणी आहेत ते सारे त्यात येतात, असा खुलासा केला होता. मग ज्या कचेरीत सरकारी पैशाने वाय-फाय चालते, ती जागा आणि ती सेवा या कलमाबाहेर कशी राहील? माझ्या मते ती राहू शकत नाही. गावातील पोरे पंचायतीच्या ओट्यावर बसून नेट वापरतात आणि आपल्या पोरांना तेथून उठविले जाते, असे कोठे घडत असेल, तर ते केवळ असभ्यपणाचे कृत्य नाही. तो संविधानाचा भंग आहे.

न्यायालये काय म्हणतात?

कायद्याची स्थिती मी जशी आहे तशी सांगतो. वाढवून सांगणार नाही. १९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने वसतिगृहातील एका विद्यार्थिनीच्या प्रकरणात इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या व खाजगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे मानले. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन यांच्या प्रकरणात इंटरनेटच्या माध्यमातून होणारे भाषण आणि व्यवसाय यांना एकोणिसाव्या कलमाचे संरक्षण आहे असा निर्णय दिला, आणि बेमुदत इंटरनेटबंदी चालणार नाही असे ठरविले. मात्र इंटरनेट मिळणे हाच स्वतंत्र मूलभूत हक्क आहे काय, या प्रश्नावर न्यायालयाने त्या वेळी मत दिले नाही. करोनाच्या काळात लसीसाठी संकेतस्थळावर नोंदणीची सक्ती झाली, तेव्हा ज्यांच्याजवळ साधन नाही त्यांचे काय, असा सवाल मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला केला. शाळा बंद असताना गरीब मुलांचे शिक्षण साधनाअभावी बुडाले, याची दखल त्याच न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये घेतली. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी अपंग व ॲसिडहल्ल्यातील पीडितांच्या प्रकरणात त्याने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा एकविसाव्या कलमातील जीविताच्या हक्काचा अंगभूत भाग असल्याचे सांगितले, आणि ग्रामीण व दुर्बल वर्गांचाही त्यात उल्लेख केला.

याचा अर्थ उद्या न्यायालयात अर्ज केला की परवा वस्तीत तार येईल, असा कोणी करू नये. न्यायालयाने तत्त्व सांगितले आहे. ते वस्तीच्या खांबापर्यंत आणण्याचे काम ग्रामसभेचे, प्रशासनाचे आणि आपले आहे. परंतु तत्त्व आपल्या बाजूचे आहे, ही गोष्ट लहान नाही.

दोन आक्षेप

काही वडीलधारी मंडळी म्हणतात की नेट आले म्हणजे पोरे बिघडतील. ही भीती पोकळ नाही. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाईन खेळांत कित्येकांच्या घरांची राखरांगोळी झाली. म्हणूनच ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला त्या खेळांवर बंदी घालणारा कायदा करावा लागला. ओटीपी विचारून खाते धुऊन नेणारे लोकही आहेत. पण रस्त्यावर अपघात होतात म्हणून रस्ता नको, असे आपण म्हणत नाही; मुलांना रस्त्याने चालावयास शिकवितो. ओटीपी कोणास सांगू नये, फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, हे ज्ञान प्रत्येक घरात गेले पाहिजे. जो समाज या ज्ञानापासून दूर राहील, तोच फसवणाऱ्यांचे पहिले भक्ष्य होईल.

दुसरा आक्षेप असा की तार येईपर्यंत काय करावयाचे? माझे उत्तर असे आहे की तार येईपर्यंत कागद बंद होता कामा नये. ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्र शासनाने राज्यांना कळविले होते की आधार नाही, अंगठा जुळत नाही किंवा जोडणी मिळत नाही, एवढ्या कारणावरून कोणाही पात्र माणसाला धान्य नाकारू नये. त्याची नोंद वहीत करून धान्य द्यावे. हे सूत्र केवळ रेशनपुरते नाही. यंत्र नागरिकासाठी आहे. ते बंद पडले तर त्याची शिक्षा नागरिकाला होऊ नये, ही मागणी आपण प्रत्येक खात्याकडे केली पाहिजे.

आता कामाला लागा

शेवटी कार्यक्रम सांगतो. भाषण ऐकून टाळ्या वाजवून घरी गेलो तर आजची सभा फुकट गेली.

पहिली गोष्ट, ग्रामसभा. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. पुढच्या ग्रामसभेत वस्तीतील स्त्रीपुरुषांनी एकत्र जाऊन ठराव मांडावा की भारतनेटची जोडणी वस्तीतील शाळा, अंगणवाडी आणि विहार येथपर्यंत आणण्यात यावी. ठराव तोंडी ठेवू नका. इतिवृत्तात लिहून घ्या आणि नक्कल मागा.

दुसरी गोष्ट, माहितीचा अधिकार. २००५ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांच्या शुल्कावर, आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास विनाशुल्क, अर्ज करिता येतो. आपल्या ग्रामपंचायतीत पेटी केव्हा बसविली, ती किती दिवस चालू होती, देखभाल कोणाकडे आहे, किती घरांना जोडणी दिली, हे चार प्रश्न विचारा. तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. पूर्वी ज्यांना ग्रामसेवक म्हणत आणि आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, त्यांच्याशी भांडण करण्याचे कारण नाही. लेखी प्रश्नास लेखी उत्तर मागावे, म्हणजे पुरे.

तिसरी गोष्ट, लोकसेवा हक्क. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत देणे बंधनकारक केले आहे. दाखल्यास उशीर झाला तर पहिले अपील, दुसरे अपील आणि त्यानंतर आयोग, अशा पायऱ्या आहेत. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. म्हणून अर्ज भरल्याची पोच घेतल्यावाचून केंद्र सोडू नका. ‘सर्व्हर बंद होता’ हे उत्तर लेखी मिळाले पाहिजे. तोंडी उत्तराचा पुरावा होत नाही.

चौथी गोष्ट, विहार. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पीएम-वाणी ही योजना मंजूर केली. तिच्यात कोणासही, अगदी चहाच्या टपरीवाल्यासही, सार्वजनिक वाय-फाय केंद्र चालविता येते. त्या केंद्रास परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही, शुल्कही लागत नाही. नोंदणी झालेल्या मध्यस्थ संस्थेशी जोडून घेतले म्हणजे झाले. जेथे जेथे विहार आहे तेथे संध्याकाळी दोन तास अभ्यासिका आणि अर्जकेंद्र का चालू नये? वस्तीतील दोन शिकलेली मुले आणि दोन मुली यांनी आळीपाळीने बसावे, अर्ज भरून द्यावेत आणि प्रत्येक रकाना अर्जदारास वाचून दाखवावा. धर्माच्या रकान्यात काय लिहिले, हे ज्याचे त्याने पाहून घ्यावे. पहिला तास मुलींचा राहील, असा नियम करा आणि तो पाळा.

पाचवी गोष्ट, नोंदवही. रेंज नाही म्हणून रेशन नाकारले, हजेरी लागली नाही, अर्जाची मुदत टळली, अशी प्रत्येक घटना तारखेसह एका वहीत लिहून ठेवा. न्यायालयात, कचेरीत आणि विधिमंडळात उद्या बोलावयाचे झाले, तर ती वहीच आपली साक्षीदार होईल. आपल्या दुःखाची नोंद आपण ठेविली नाही, तर दुसरा ठेवणार नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने पाण्यासाठी पायपीट केली. त्यानंतरच्या पिढीने शाळेच्या दारापुढे उभे राहून आत जाण्याचा हक्क मिळविला. आपल्या पिढीचे काम त्यामानाने सोपे आहे, कारण संविधान आहे, निवाडे आहेत, निधी आहे आणि योजनाही आहे. उणीव आहे ती मागणाऱ्यांच्या चिकाटीची. पुढच्या ग्रामसभेची तारीख आजच विचारून घ्या आणि ठरावाचा मसुदा घेऊन तेथे जा. मसुदा लिहिण्यास मदत लागली तर मी आणि माझे वकील मित्र कोणताही मोबदला न घेता ती देऊ.

एवढे सांगून मी आपली रजा घेतो. जयभीम!